तीन गलबतं आणि वणीचा कापूस



स्मरणिकेच्या फॉर्ममध्ये ‘सध्याचा व्यवसाय’ असा एक रकाना होता. बावीस वर्षं असा रकाना दिसला की मी डोळे मिटून ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ लिहीत आले. या वेळी लिहिलं, ‘जहाजावर इतिहास सांगते’. दोन दिवसांत संपादक मंडळातल्या मैत्रिणीचा फोन आला. “काहून वं, हे काय लिहिलंस? टायपिंगमध्ये गडबड झाली का?” गडबड नाही म्हटल्यावर तिचा हुकूम सुटला, की मग त्याच्यावरच लेख दे, आणि आठवणींचा नको, तसले पन्नास आले आहेत, जरा इतिहासाचा दे. म्हणून हा लेख.

आम्ही अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड शहराजवळ राहतो. तिथून तासाभराच्या अंतरावर जेम्स नदीच्या काठी जेम्सटाउन सेटलमेंट नावाचं संग्रहालय आहे आणि त्याच्या धक्क्याला तीन लाकडी जहाजं बांधलेली आहेत. सुझन कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी. इंग्रजांनी अमेरिकेत जी पहिली टिकाऊ वसाहत केली, ती १६०७ साली याच नावांच्या तीन जहाजांतून आलेल्या लोकांनी. आत्ताची जहाजं अर्थातच नवी आहेत, जुन्यांच्या प्रतिकृती. पहिल्या प्रतिकृती १९५७ साली, वसाहतीला ३५० वर्षं झाली तेव्हा केल्या. त्या जुन्या झाल्यावर पुन्हा नव्या बांधल्या. माझं काम म्हणजे खलाशाचे कपडे घालून डेकवर उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हे जहाज काय होतं, कसं चालायचं, कोण आलं आणि पुढे काय झालं ते सांगायचं. या कामाला इथे ‘इंटरप्रिटर’ म्हणतात. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “इंग्रजी बोलणाऱ्यांना इंग्रजीत सांगायला दुभाषी कशाला लागतो?” तिचा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही हे आता कळतंय.

इथे कशी पोहोचले ते थोडक्यात सांगते. गेल्या काही वर्षांत सॉफ्टवेअर क्षेत्रात माणसं कमी करण्याची जी लाट आली, तीत माझंही नाव होतं. एका सकाळी ईमेल आली, दुपारी लॅपटॉप बंद. सहा महिने अर्ज केले. मुलगी कॉलेजात, घराचे हप्ते चालू, त्यामुळे तासावर पगार देणारं हे काम शोभेसाठी धरलेलं नाही. पैसे पूर्वीच्या मानानं फार थोडे मिळतात. यजमानांची नोकरी आहे म्हणून जमतंय. एवढं पुरे.

पहिले दोन महिने फक्त शिकण्यात गेले. गाठी मारणं, शिडाचे दोर, जुन्या काळचं अन्न, आणि वाचन. १२० टनांचं सुझन कॉन्स्टंट, ४० टनांचं गॉडस्पीड, २० टनांचं डिस्कव्हरी. हा ‘टन’ वजनाचा नव्हे. दारूची मोठी पिंपं किती मावतात त्यावरून जहाजाचा आकार सांगत. तिन्ही जहाजांत मिळून सुमारे १४४ माणसं, खलाशी धरून. २० डिसेंबर १६०६ ला लंडनहून निघाली आणि उलट्या वाऱ्यामुळे कितीतरी आठवडे इंग्लंडच्या किनाऱ्याशीच अडकून पडली. किनारा डोळ्यासमोर दिसतोय आणि शिधा संपत चाललाय. मग कॅनरी बेटं, कॅरिबियन बेटं असा वळसा घेऊन २६ एप्रिल १६०७ ला व्हर्जिनियाच्या तोंडाशी. मधल्या मजल्यावर, जिथे मला कमरेत वाकून चालावं लागतं, तिथे चार महिने माणसं सामानाशेजारी झोपली. शाळेची पोरं येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, संडास कुठे होता? (पुढच्या टोकाला, उघड्यावर, समुद्राच्या वर.) आपणही रायगडच्या सहलीत सरांना हेच विचारलं असतं.

माझ्यातल्या इंजिनिअरला मात्र एका लाकडी फळीनं वेड लावलं. तिला ट्रॅव्हर्स बोर्ड म्हणतात. होकायंत्राच्या ३२ दिशा फळीवर कोरलेल्या, प्रत्येक दिशेच्या रेषेवर आठ भोकं, आणि दोरीला बांधलेल्या खुंट्या. पाळी चार तासांची, म्हणजे आपल्याकडच्या कोळसा खाणीतल्या पाळीच्या निम्मी. दर अर्ध्या तासाला वाळूचं घड्याळ उलटायचं आणि त्या अर्ध्या तासात जहाज ज्या दिशेनं गेलं त्या रेषेवर एक खुंटी खोचायची. खालच्या ओळींत वेगाच्या खुंट्या. वेग कसा मोजायचा? दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारायच्या, टोकाला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात टाकायचा आणि छोटं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. म्हणून आजही जहाजाचा वेग ‘नॉट’मध्ये, गाठींत. त्या लाकडाच्या तुकड्याला इंग्रजीत ‘लॉग’ म्हणायचे. त्यावरून जहाजाच्या नोंदवहीला लॉगबुक, आणि त्यावरून आम्ही संगणकवाले रोज ज्या ‘लॉग फाइल’ उघडतो ती. बावीस वर्षं मी लॉग वाचून रात्रीअपरात्री बिघाड शोधले आणि त्या शब्दाच्या पोटात लाकडाचा ओंडका आहे हे मला डेकवर उभं राहून कळलं. लिहिता-वाचता न येणारा खलाशीही ही फळी भरू शके. रेखांश काढायची पद्धत त्या काळी नव्हतीच. दिशा, वेग आणि वेळ यांच्या बेरजेवर अख्खा अटलांटिक ओलांडायचा.

आता या कामातल्या गोम सांगते. मूळ सुझन कॉन्स्टंटचं एकही चित्र उरलेलं नाही, नकाशा नाही, मापं नाहीत. हाती आहे टनांचा आकडा आणि निघण्यापूर्वीच्या एका भांडणाचे कागद. नोव्हेंबर १६०६ मध्ये थेम्स नदीत नांगरलेली असताना तिची दुसऱ्या एका जहाजाशी टक्कर झाली आणि प्रकरण सागरी न्यायालयात गेलं. त्या साक्षीपुराव्यांमुळे आज थोडीफार माहिती मिळते. कोर्टकचेरी इतिहासाला अशी उपयोगी पडते! बाकी सगळं त्या काळच्या त्या आकाराच्या इंग्रज जहाजांवरून बांधलेला अंदाज. प्रशिक्षणात आम्हाला हेच घोकवलं, की माहीत काय आणि अंदाज काय हे पाहुण्याला वेगळं करून सांगायचं. जहाज एवढं खरं दिसतं, डांबराचा वास येतो, पाय ठेवला की लाकूड करकरतं, की माणूस सगळंच खरं धरून चालतो. मीही खोटीच खलाशी. १६०७ च्या त्या प्रवासात एकही बाई नव्हती, पहिल्या दोन १६०८ साली आल्या. हेही मी पाहुण्यांना सांगते. आम्ही कुणाचं सोंग घेत नाही, आजची माणसं म्हणूनच बोलतो.

जानेवारीत आपल्या ग्रुपवर एकानं टाकलेला प्रश्न तुम्हाला आठवत असेल. “आपली कौंडिण्य मस्कतला पोहोचली, अन् तू गोऱ्यांच्या जहाजावर काहून उभी आहेस?” खाली हसण्याचे तीस चेहरे. मीही हसले, पण उत्तर ग्रुपवर मावणारं नव्हतं.

कौंडिण्यचा आनंद मलाही झाला, आणि विदर्भातल्या माणसाला तर तो जरा जास्तच व्हायला हवा. आयएनएसव्ही कौंडिण्य हे शिवलेलं जहाज. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवल्या आहेत. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या होडी इनोव्हेशन्सनं ते बांधलं. शिवण्याचं काम केरळच्या कारागिरांचं, त्यांचे प्रमुख बाबू शंकरन. सप्टेंबर २०२३ मध्ये कणा बसवला, मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं, आणि २९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून निघून जानेवारीच्या मध्यात मस्कतला लागलं. इंजिन नाही. चौकोनी शिडं आणि सुकाणूच्या जागी मोठी वल्ही. आणि हे सगळं कशावरून केलं? अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या एका चित्रावरून. अजिंठ्याचं ते मोठं काम ज्या वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात झालं, त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. समुद्रापासून एवढ्या लांब असलेल्या आपल्या वाशीमच्या राज्यात रंगवलेलं जहाज दीड हजार वर्षांनी खरंच समुद्रात उतरलं! वणीहून वाशीमला जाताना एसटीत एवढ्या वेळा डुलक्या काढल्या, पण कुणी हे सांगितलं नव्हतं.

तिथेही अडचण तीच. चित्रात जहाज बाहेरून दिसतं, पोटातून नाही. आत फळ्या कशा जोडल्या, पाण्याखाली आकार कसा होता, हे चित्रकारानं कशाला दाखवावं? म्हणून नौदलाला आणि आयआयटी मद्रासच्या लोकांना गणितं करावी लागली, छोटी प्रतिकृती करून पाण्यात तपासावी लागली. उद्या त्या जहाजावर कुणी माझ्यासारखी उभी राहील तेव्हा तिलाही सांगावं लागेल, की हे चित्रातलं आणि हे आमचं. अभिमानाच्या भरात ही रेघ पुसली तर नुकसान आपलंच.

पण ‘तू तिथे काहून’ याचं खरं उत्तर वेगळं आहे. ते मला सुझन कॉन्स्टंटच्या कप्तानानं दिलं. ख्रिस्तोफर न्यूपोर्ट त्याचं नाव. एका हाताचा माणूस. उजवा हात १५९० साली स्पॅनिश जहाजांशी झालेल्या लढाईत गेला होता. व्हर्जिनियात माणसं उतरवून तो परत गेला, पुन्हा शिधा घेऊन आला, असं काही वर्षं चाललं. नंतर त्यानं नोकरी बदलली. नवी नोकरी ईस्ट इंडिया कंपनीची. आणि १६१५ साली ‘लायन’ नावाच्या जहाजातून तो ज्या पाहुण्याला घेऊन सुरतेला आला, त्या पाहुण्याचं नाव तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. सर थॉमस रो! जहांगीरच्या दरबारात गेलेला इंग्रज वकील. आपण ‘टिपा लिहा’मध्ये त्याच्यावर चार ओळी खरडायचो. सुरतेहून निघालेला रो बऱ्हाणपूरला शाहजादा परवेझला भेटून अजमेरला गेला, म्हणजे वऱ्हाडच्या दारावरूनच. त्याला आणणारा कप्तान आणि मी रोज ज्याच्या केबिनमध्ये उभी राहते तो कप्तान एकच. हे वाचलं त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत सुकाणूच्या दांड्याजवळ नुसती बसून राहिले.

मग धागा सापडतच गेला. ईस्ट इंडिया कंपनीचा १६०० सालचा पहिला गव्हर्नर सर थॉमस स्माइथ. तोच पुढे व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार. लंडनमधले तेच सावकार, तेच धक्के, एक फळी पश्चिमेला आणि एक पूर्वेला. आपल्याला शाळेत पूर्वेकडची गोष्ट शिकवली, इथल्या पोरांना पश्चिमेकडची. दोन्ही पुस्तकं शेजारीशेजारी ठेवून कुणी वाचत नाही.

व्हर्जिनियात आलेल्यांचे हाल झाले. मे १६०७ मध्ये उतरलेल्या १०४ जणांपैकी जानेवारीत ३८ उरले. १६०९-१० च्या हिवाळ्यात तर भुकेनं कहर केला. ती जमीन पॉव्हटान लोकांची होती, त्यांचं काय झालं ते संग्रहालयाच्या दुसऱ्या भागात सांगतात. तंबाखूनं वसाहत तरली, तंबाखूला माणसं लागली, आणि १६१९ साली ‘व्हाइट लायन’ नावाच्या जहाजातून अंगोलाकडची वीसेक माणसं इथे विकली गेली. पुढच्या दोन शतकांत गुलामगिरी मुरली. तंबाखूनं व्हर्जिनियाची जमीन थकली तेव्हा इथल्या गुलामांना दक्षिणेत कापसाच्या राज्यांत विकायचा धंदा सुरू झाला. आमचं रिचमंड त्या बाजाराचं मोठं ठाणं. त्या कापसावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या चालत.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमारानं रोखली. गिरण्यांना कापूस मिळेना. आणि इंग्रजांच्या हाती तयार होता वऱ्हाड, जो निजामाकडून फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी त्यांनी १८५३ सालीच ताब्यात घेतला होता. आपली काळी माती. हिंगणघाटचा कापूस तर आधीच नावाजलेला, उमरावतीचं नाव लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचं नाव म्हणून चालायचं. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोहोचली, १८७० ला खामगावचा फाटा झाला. कापसासाठी खास कमिशनर नेमला, रिव्हेट-कारनॅक नावाचा. युद्ध १८६५ ला संपलं, अमेरिकेचा कापूस परत आला, आणि चढलेले भाव उतरले. कर्ज मात्र उतरलं नाही. ज्वारीच्या जागी कापूस आला तो राहिला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाडाला झोडपलं. पुढचं यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसानं यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसांना सांगायची गरज नाही.

सगळं एका जहाजामुळे झालं असं मी म्हणत नाही. इतिहास म्हणजे एका बटणावर चालणारा प्रोग्राम नव्हे. पण ही वायर त्या धक्क्यापासून आपल्या जिनिंगपर्यंत येते. आणि तिचं दुसरं टोक अजून चालू आहे. आज बाजार समितीत येणारा बहुतेक कापूस मूळच्या अमेरिकन जातीचा. आपल्या आज्याच्या वेळचा गावरान कापूस वेगळ्या जातीचा, तो शोधावा लागतो.

गेल्या सप्टेंबरात एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई नातवाला घेऊन जहाजावर आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “आणि तुम्ही कशा इथे?” ग्रुपवरचा प्रश्न नंतरचा, पण प्रश्न तोच. मी कापसाचं सांगितलं. तिथे युद्ध चालू असताना आमच्याकडे काय पेरलं गेलं ते. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, लहानपणी नॉर्थ कॅरोलायनात त्यांनी स्वतः कापूस वेचला होता, शाळा बुडवून. आणि बोटं पुढे करून नखाच्या बाजूला जिथे सुकलेल्या बोंडाची टोकं रुततात ती जागा दाखवली. मला ती दाखवायची गरज नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या वावरात मीही वेचला होता, तुमच्यातल्या निम्म्या जणींनीही. मी माझं बोट दाखवलं. नातू आमच्या दोघींकडे बघत होता. त्याला आम्ही दोघींनी मिळून सांगितलं की ओटीत कापूस कसा भरतात.

एक गंमत राहिली. डेकवर मी जे कपडे घालते ते लिनन आणि लोकर. १६०७ च्या इंग्रज खलाशाच्या अंगावर कापूस नसायचाच म्हणा ना. व्हर्जिनियाच्या जुलैत लोकरीची टोपी डोक्यावर घेऊन उभं राहिलं की कळतं, सुरतेच्या सुती कापडासाठी ही माणसं जीव का टाकत होती. वणीच्या पोरीनं कापूस सोडून लोकर घालावी, ही शिक्षा कुठल्या जन्माची ते माहीत नाही!

येत्या हंगामात न्यूपोर्टच्या पूर्वेकडच्या सफरींवर आणि कापसावर पंधरा मिनिटं बोलायची परवानगी मला मिळाली आहे. त्यासाठी तुमची मदत हवी. इंग्रजांच्या कागदात आपल्या जिल्ह्याचं नाव १९०५ पर्यंत ‘वून’ असं होतं, म्हणजे वणीच, आणि नंतर ते यवतमाळ झालं. तुमच्यापैकी कुणाच्या वाड्यात, माळ्यावर, पेटीत जिनिंग-प्रेसिंगच्या जुन्या पावत्या, गाठींवर मारायचे शिक्के, सावकारी चिठ्ठ्या किंवा ‘वून’ छापलेला कुठलाही कागद असेल, तर त्याचा फोटो काढून मला पाठवा. मूळ कागद कुणाला देऊ नका, जपून ठेवा. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल, आणि कागद कुणाच्या घरचा, कुठे सापडला ते मागे न विसरता लिहा. मला मेळाव्याला येणं या वर्षी जमत नाहीये, नव्या नोकरीत रजा अजून साठलेली नाही. सरांना आणि बाईंना माझा नमस्कार सांगा.